दुसऱ्यासाठी मागताना

गोव्यात उपकाराची जाण दाखवायला तीन शब्द पुरतात: ‘देव बरें करूं’. आपण त्याला आभार समजतो, पण नीट ऐकलं तर ती प्रार्थना आहे. बोलणारा स्वतःसाठी काहीच मागत नाही, समोरच्याचं भलं देवाने करावं एवढंच म्हणतो. ख्रिस्ती मंडळी जिला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात, तिचं बी या रोजच्या बोलण्यात आहे. पण ते रुजवायला पद्धत लागते. चांगल्या मनाने केलेली मध्यस्थीही बिघडते, आणि बिघडली की त्रास होतो तो ज्याच्यासाठी मागतोय त्यालाच. म्हणून ती कशी करायची आणि कुठे चुकते, ते इथे तपशिलात लिहीत आहे.

आधी कळवळ्याविषयी. मत्तयच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, येशूने लोकांची गर्दी पाहिली आणि त्याला त्यांचा कळवळा आला. मूळ ग्रीक क्रियापद ‘स्प्लांख्निझोमाय’ हे आतड्यांसाठीच्या शब्दावरून आलेलं आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपलंही आतडं पिळवटतं, पोटात तुटतं. गोव्यात याच्या जोडीला आणखी एक शब्द कानावर पडतो. मराठीत मागणारा काकुळतीला येतो. कोंकणी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मात्र ‘काकूट’ देवाने करायची असते: आमची काकूट कर. एकाच घरातले वाटावेत असे हे दोन शब्द, एक मागणाऱ्याच्या गळ्यातला आणि दुसरा देणाऱ्याच्या पोटातला. मध्यस्थी करणाऱ्याची जागा या दोघांच्या मधे आहे.

ही जागा रिकाम्या हाताने घेता येत नाही. चर्चच्या परंपरेत दयेची १४ कृत्यं सांगितली आहेत, ७ शरीराची आणि ७ आत्म्याची. भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, परक्याला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट ही सहा मत्तयच्या २५व्या अध्यायातली. मेलेल्याला मूठमाती हे सातवं नंतर जोडलं गेलं. आत्म्याच्या सात कृत्यांत अगदी शेवटी येतं ते जिवंतांसाठी आणि मृतांसाठी प्रार्थना करणं. हीच १४ कृत्यं डोळ्यांपुढे ठेवून १४९८ मध्ये लिस्बनला मिझेरिकॉर्दिया नावाचा बंधुसंघ सुरू झाला आणि सोळाव्या शतकातच तो जुन्या गोव्यात आला. प्रार्थनेला १४वी जागा मिळाली म्हणजे ती कमी महत्त्वाची, असं मी मानत नाही. पण आधीच्या तेरांपैकी जे हाताशी आहे ते टाळून थेट चौदाव्यावर उडी मारणारी प्रार्थना पोकळ वाटते, हे मात्र ठामपणे वाटतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातही हेच आहे: उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव’ म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, तर उपयोग काय?

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात विचारण्यापासून होते. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत होता. त्याला काय हवंय ते लहान पोरालाही कळलं असतं, तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? मार्कच्या दहाव्या अध्यायातला हा प्रश्न मध्यस्थी करणाऱ्याने पाठ करून ठेवावा. कॅन्सर झालेली बाई बरी होण्याआधी दुसरंच काही मागत असेल: मुलाची परीक्षा पार पडू दे, सुनेशी अबोला संपू दे, आज रात्री उलटी नको. आपण गृहीत धरलेली मागणी आणि तिची खरी मागणी वेगळी निघते, आणि हे न विचारता कळत नाही. म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. नेमकं काय मागू? कधीपर्यंत, म्हणजे तपासणी, ऑपरेशन, कोर्टाची तारीख, मुलाखत कुठल्या दिवशी आहे? आणि हे आणखी कुणाला सांगितलं तर चालेल? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कुणी ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हटलं की ‘हो हो, नक्की’ म्हणून पुढे निघू नये. शक्य असेल तर तिथेच, फेरीबोटीच्या धक्क्यावर का होईना, दोन वाक्यांत मागून घ्यावं. राहिलेलं घरी. नंतर करू म्हटलेली प्रार्थना विसरते आणि पुढच्या भेटीत ‘करतोय ना’ असं खोटं तोंडातून जातं.

घरच्यासाठी साधी वही घ्या. पानावर चार रकाने आखा: मागणी आली ती तारीख, नाव, एका ओळीत मागणी, आणि पुढची महत्त्वाची तारीख. आजाराचा तपशील वहीत लिहू नका. वही स्वयंपाकघरातल्या फळीवर पडून राहते, पाहुणे चाळतात. नावाचं पहिलं अक्षर पुरतं. देवाला पूर्ण नाव ठाऊक आहे. रोज पाच ते सात नावं, त्याहून जास्त नको. यादी चाळीसवर गेली की प्रार्थनेची हजेरी होते. नाव उच्चारलं जातं, माणूस डोळ्यांपुढे येत नाही. उरलेली नावं वारांवर वाटा: सोमवारी आजारी, मंगळवारी बोटीवर आणि आखातात गेलेले, बुधवारी नोकरी शोधणारे, असं. बोटीवरच्या तारवट्यासाठी मागताना त्याचं काँट्रॅक्ट कधी संपतंय ते माहीत असावं. ‘त्याला सुखरूप ठेव’ यापेक्षा ‘उतरायला ६ आठवडे राहिलेत, हे दिवस त्याला जड जाऊ देऊ नकोस’ ही प्रार्थना त्याच्या बायकोच्या काळजीच्या जास्त जवळ जाते. महिन्यातून एकदा वही घेऊन बसा आणि ज्यांची खबर नाही त्यांना फोन करा. मुलगा नोकरीला लागून चार महिने झाले आणि आपण अजून त्याला नोकरी मागतोय, हे त्या घराशी आपलं नातं तुटल्याचं लक्षण.

वेळ वीस मिनिटं पुरे. पहिली दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं. मग एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, म्हणजे जीभ आपल्या काळजीवरून उतरते. मग नावं, प्रत्येकाला साधारण दोन मिनिटं. शेवटी आभार. ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांच्यासाठी चर्चच्या जुन्या प्रार्थनांचा पाच भागांचा साचा फार कामाचा आहे: हाक, देवाने आधी केलेल्या एखाद्या गोष्टीची आठवण, मागणी, ती कशासाठी, आणि कुणाच्या नावाने. उदाहरणार्थ: ‘प्रभू येशू, बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं दुखणाईत असलेल्या माणसाची तू स्वतः चौकशी केलीस. आज वॉर्डात जागी असलेल्या तुझ्या या लेकीला रात्रीची झोप दे, उद्या तिला हात लावणाऱ्या डॉक्टरांचे हात स्थिर ठेव, म्हणजे ती न घाबरता आत जाईल. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.’ यात आठवणीचा भाग गाळू नका. तो गाळला की प्रार्थना दुकानातल्या सामानाच्या चिठ्ठीसारखी होते. आठवण आणि मागणी एकमेकींना शोभायला हव्यात: झोपेसाठी मागताना लाल समुद्र दुभंगल्याची आठवण ओढून आणायला नको.

भाषा ज्याच्यासाठी मागतोय त्याची. डिचोली-सत्तरीकडचा माणूस मराठी वाचतो, घरात कोंकणी बोलतो. सावंतवाडीहून आलेला मालवणीत कण्हतो. प्रार्थनेसाठी वेगळी जड भाषा लागत नाही. राचोलला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते ओव्यांत. परदेशातून आलेल्या त्या धर्मगुरूने ऐकणाऱ्यांच्या कानाला ओळखीचा साचा निवडला, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

सगळ्यात जास्त जपायला हवं ते इस्पितळात. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोव्याचे तर येतातच, पण बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ इथूनही रुग्ण येतात. हमरस्त्याजवळ बांबोळीचा खुरीस, म्हणजे क्रूस, आहे, तिथे थांबून मेणबत्ती लावणारे सगळ्या धर्मांचे असतात. मेणबत्ती तिथेच लावावी. वॉर्डात ज्योत न्यायची नाही; ऑक्सिजन सुरू असलेल्या खाटेजवळ ती जिवावर बेतू शकते. दोघांहून जास्त जाऊ नका. आत शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी घरूनच प्रार्थना करा. रुग्णाला मान न वळवता दिसेल अशा जागी बसा. डोक्यामागे उभं राहून केलेल्या प्रार्थनेची भीती वाटते. ‘प्रार्थना करू का?’ आणि ‘हात धरू का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. नाही म्हणाला तर मान ठेवा, फळं ठेवा, निघा. हो म्हणाला तर तीन मिनिटं, पाच म्हणजे फार झालं. आवाज त्याच खाटेपुरता. शेजारच्या खाटेवरही माणूस आहे, त्याचा देव वेगळा असेल, त्याचं दुखणं सारखंच आहे.

ऑपरेशनच्या आधी रुग्णाला उपाशी ठेवतात. त्या वेळी मंतरलेलं पाणी, आशीर्वादाचं पाणी, प्रसाद यांतलं काहीही तोंडात घालू नका. घोटभर पाण्याने काय होतं, असं म्हणू नका. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो आणि ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. जखमेवर, टाक्यांवर तेल लावायचं नाही. याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं आहे. कॅथलिकांत हा संस्कार फक्त धर्मगुरू करतात, कपाळावर आणि हातांवर. तो मरणाऱ्यासाठीच असतो हा गैरसमज अजून घट्ट आहे, आणि त्यामुळे घरचे धर्मगुरूंना अगदी शेवटच्या तासाला बोलावतात. मोठ्या ऑपरेशनच्या आधी, म्हातारपणात, गंभीर आजाराच्या सुरुवातीलाच बोलवावं. रुग्ण शुद्धीवर असतो, स्वतः ‘आमेन’ म्हणू शकतो.

आणि औषध बंद करा असं कुणीही, कुठल्याही श्रद्धेच्या भरात, सांगू नये.

खाटेजवळ काय बोलू नये याची यादी मोठी होईल. ‘देव परीक्षा बघतोय.’ ‘तुझा विश्वास कमी पडतोय.’ ‘माझ्या मामाला पण हेच होतं, गेले बिचारे.’ यांतलं एकही वाक्य प्रार्थनेच्या वेषातसुद्धा चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रार्थनेतून उपदेश. दारू पिणाऱ्या माणसाच्या देखत ‘प्रभू, याला याच्या बायकोच्या डोळ्यातलं पाणी दिसू दे’ म्हणणं ही देवाशी बोलल्यासारखं करून त्याला मारलेली चपराक आहे. त्याला सांगायचं असेल तर त्याच्याशी बोला. देवाला सांगायचं असेल तर खोलीचं दार लावून सांगा.

रुग्णाइतकीच सोबतीला बसलेल्याची गरज असते, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. सिंधुदुर्गातून आलेली बाई तीन दिवस खुर्चीवर झोपते. तिला डब्यात पेज आणि भाजी, फोनचा चार्जर, आंघोळीची सोय, दोन तास कुणी खाटेजवळ बसलं तर डोळा लावायला जागा हवी असते. रक्त लागणार असेल तर आपल्या गटातले दाते आधी तयार ठेवावेत: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५च्या वर, आणि आधीच्या रक्तदानाला पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस झालेले. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले संत जोसेफ वाझ १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा रोग्यांना सोडून गेले नाहीत. घरातल्यांनी टाकलेल्यांना त्यांनी धुतलं-पुसलं, भरवलं, मेले त्यांना पुरलं. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत त्यांना संतपद मिळालं. आज लोक त्यांच्याकडे मध्यस्थी मागतात, ती या हातांवरच्या भरवशाने.

संतांकडे मागण्याबद्दल मराठी ख्रिस्ती घरांत दोन मतं आहेत. प्रोटेस्टंट मंडळी थेट ख्रिस्ताच्या नावाने मागतात, संतांना हाक मारत नाहीत. कॅथलिक मारतात, पण त्यातलं व्याकरण बघण्यासारखं आहे. मे महिन्यात खुरसाजवळ वाड्यावरचे जमून लादाईन, म्हणजे हाक आणि उत्तर अशी चालणारी प्रार्थना, म्हणतात, शेवटी उकडलेले चणे वाटतात. ती लादाईन कान देऊन ऐका. देवाला हाक मारली की उत्तर येतं ‘आमच्यावर दया कर’. मरियेला हाक मारली की उत्तर बदलतं, ‘आमच्यासाठी विनंती कर’. लॅटिनमध्ये ‘मिझेरेरे नोबिस’ आणि ‘ओरा प्रो नोबिस’. दया करणारा एकच, विनंती करणारे पुष्कळ. शेजारणीला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणण्याचंच ते पुढचं टोक आहे. हा फरक मुलांना लहानपणीच दाखवून द्यावा. पुढचे कितीतरी वाद टळतील.

रविवारच्या मिस्सेतल्या श्रद्धावंतांच्या प्रार्थना हा वेगळा प्रकार, आणि त्या लिहिणाऱ्यांना कुणी शिकवत नाही. ही पद्धत जुनीच होती. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ती पुन्हा सुरू करायला सांगितली. क्रम ठरलेला आहे: आधी चर्चसाठी, मग राज्यकर्ते आणि जगासाठी, मग दुःखात असलेल्यांसाठी, शेवटी आपल्या गावच्या मंडळीसाठी. वाचणारा देवाशी बोलत नसतो, लोकांना ‘यांच्यासाठी आपण मागू या’ असं सांगत असतो. देवाशी बोलणं शेवटी धर्मगुरू करतात. हे कळलं की निम्म्या चुका आपोआप जातात. एक मागणी म्हणजे एकच वाक्य, वीस-पंचवीस शब्द. चार ते सहा मागण्या. प्रत्येकीनंतर लोकांना श्वास घ्यायला दहा सेकंद. पवित्र शुक्रवारच्या दहा गंभीर मागण्यांत ही शांतता अजून टिकून आहे. रविवारी ती घाईत जाते. आणि काही गोष्टी तिथे आणूच नयेत: पंचायतीतलं भांडण, फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) वर्गणीची आठवण, कुणाचं नाव घेऊन आजाराचं निदान. ‘आपल्या वाड्यावर या आठवड्यात इस्पितळात असलेल्यांसाठी’ एवढं म्हटलं तरी ज्यांना ठाऊक आहे त्यांना समजतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना कळायची गरज नाही.

ही नावाची गोष्ट व्हॉट्सअपवर फार हाताबाहेर गेली आहे. ‘अर्जंट प्रार्थना’ म्हणून रिपोर्टाचा फोटो, नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो, मुलीच्या घटस्फोटाची हकिगत. तासाभरात ते म्हापशापासून मस्कतपर्यंत पोहोचतं, आणि त्या मुलीला पुढची दहा वर्षं लग्नकार्यात लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात. ही चहाडीच आहे, शेवटी आमेन लावलं म्हणून बदलत नाही. गटात लिहायचंच असेल तर ‘एका कुटुंबासाठी, उद्या सकाळी ९ वाजता’ पुरे. फोटो नको. आणि पुढे पाठवू नका, हे स्पष्ट लिहा.

ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यासाठी मागताना मन आणखी स्वच्छ लागतं. त्याचं दुखणं बरं व्हावं एवढंच मागा. दुखण्याच्या आडून तो आपल्यात यावा अशी मनात गाठ बांधली असेल तर ती त्याला जाणवते, आणि मग पुढच्या वेळी तो मदतीलाही दार उघडत नाही. कफर्णहूमात एक शताधिपती, यहुदी नसलेला लष्करी अधिकारी, आपल्या चाकरासाठी आला, तेव्हा येशूने चाकराला बरं केलं. धर्म बदलण्याची अट घातली नाही.

मग मागितलेलं मिळत नाही तेव्हा? पौलाने आपल्या देहातल्या काट्यासाठी तीनदा विनवलं, काटा निघाला नाही. येशूने आपल्या शिष्यासाठी, पेत्रासाठी, प्रार्थना केली, तुझा विश्वास ढळू नये म्हणून, आणि त्याच रात्री पेत्राने त्याला तीनदा नाकारलं. ती प्रार्थना फळली ती नंतर. घरच्यांना याचं स्पष्टीकरण देत बसू नये. मेलेल्या लाजराला उठवण्याआधी त्याच्या कबरीपाशी येशू रडला, हे पुढे काय होणार ते ठाऊक असलेल्याचं रडणं आहे. आपल्याला तर तेही ठाऊक नसतं.

गोव्यात मरणानंतर सातव्या दिवशी आणि महिन्याने मिस्सा होते. तिसाव्या दिवसापर्यंत घर भरलेलं असतं, एकतिसाव्या दिवशी रिकामं. प्रोटेस्टंट मंडळी मृतांसाठी मागत नाहीत, त्यांच्या आयुष्याबद्दल आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी मागतात. कॅथलिक दोन्ही करतात. मागे राहिलेल्यांसाठी मागण्याबाबत दोघांचं एकमत आहे, आणि नेमकं तेच सुटतं. म्हणून वहीत मरणाच्या तारखेपुढे आणखी तीन तारखा लिहून ठेवा: दोन महिने, सहा महिने, वर्ष. त्या दिवशी नाव घ्या आणि संध्याकाळी त्या घरी जाऊन बसा. ज्याच्यासाठी मागत होतात तो गेला तर त्याच्या नावावर काट मारू नका. वहीच्या शेवटी नोव्हेंबरसाठी, कॅथलिकांच्या मृतांच्या स्मरणाच्या महिन्यासाठी, एक पान राखून ठेवा आणि नाव तिथे लिहा. त्याच्या मूळ ओळीत, मागणीच्या रकान्यात, आता त्याच्या बायकोचं पहिलं अक्षर.